मदत हवी आहे : बडोद्याच्या पुरात शाडूच्या मूर्तींचा कारखाना गेला, विरघळलेल्या मालाचा पुरावा विम्यासाठी कसा उभा करावा?

नमस्कार. हा धागा मी माझ्या चुलतभावाच्या कुटुंबासाठी काढत आहे. दादा आणि वहिनी अनेक वर्षांपासून बडोद्यात शाडूच्या गणेशमूर्ती आणि गौरींचे मुखवटे करतात. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीला जो पूर आला, त्यात त्यांचे मुजमहुड्याजवळचे राहते घर आणि वडसर रस्त्याकडचा, भाड्याच्या पत्र्याच्या शेडमधला कारखाना ही दोन्ही ठिकाणे एकाच वेळी पाण्याखाली गेली. घरातील माणसे सुखरूप आहेत आणि सध्या आमच्याकडे राहतात. प्रश्न पुढचे आहेत, आणि ते बहुतांशी कागदांचे आहेत.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. जन्माष्टमीच्या दिवशी, म्हणजे २६ ऑगस्टला, शहरात आणि नदीच्या वरच्या अंगाला एकाच वेळी जोराचा पाऊस झाला, त्यात आजवा सरोवराकडचे पाणीही आले, आणि एरवी २५ फुटांवर धोक्याची समजली जाणारी विश्वामित्री ३७ फुटांच्या घरात पोहोचली. नदीकाठच्या सोसायट्यांत लोक वरच्या मजल्यांवर अडकून पडले, लष्कराला बोलवावे लागले. शिवाय या नदीत मगरींची मोठी वस्ती असल्यामुळे पाण्यात उतरून सामान हलवण्याची सोयही कोणाला नव्हती. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. मूर्तिकाराचा वर्षभराचा माल ज्या आठवड्यात पूर्ण होऊन फळ्यांवर उभा असतो, नेमक्या त्याच आठवड्यात पाणी आले.

पाणी ओसरल्यावर शेडचे शटर महत्प्रयासाने उचलले, तेव्हा आत मूर्ती नव्हत्याच. खालच्या फळ्यांवरच्या मूर्ती जागच्या जागी विरघळल्या होत्या आणि फळ्या फुगून कोसळल्यामुळे वरच्याही पाण्यात आल्या होत्या. घोट्यापर्यंत करडा गाळ, त्यात काथ्याचे पुंजके, मुकुटांवर चिकटवलेले खडे आणि वर सोनेरी रंगाचा तवंग, एवढेच शिल्लक होते. साडेतीनशेच्या आसपास मूर्ती होत्या आणि त्यांतील बहुतेकांची रंगाई होऊन केवळ डोळ्यांची आखणी उरली होती. प्लास्टरच्या मूर्ती असत्या तर निदान तुकडे दाखवता आले असते. शाडूचा जो गुण विसर्जनाच्या वेळी कामी येतो, तोच इथे मुळावर आला.

दादांनी व्यवसायासाठी मुद्रा योजनेतून कर्ज घेतले आहे आणि त्या कर्जापोटी बँकेने कारखान्यातील मालाचा विमा उतरवलेला आहे. त्या विम्यात पुराचा समावेश आहे, याची खात्री आम्ही करून घेतली. विमा कंपनीचे सर्व्हेअर येऊन पाहणी करून गेले. त्यांनी कॉम्प्रेसर, रंगाची पिस्तुले, पंखे आणि लाकडी मांडणी यांची नोंद घेतली. परंतु तयार मूर्ती दिसत नसल्यामुळे गाळाकडे बोट दाखवून तो ‘कच्चा माल, माती’ असा लिहिला, आणि भावनगरहून येणाऱ्या शाडूच्या पोत्याचा जो दर पडतो त्या दराने त्याची किंमत धरली. चार महिन्यांची मजुरी, रंग आणि कारागिरी त्या आकड्यात कुठेच नाही. सर्व्हेअर उद्धटपणे वागले नाहीत, हेही नमूद करतो. मात्र जे डोळ्यांना दिसत नाही ते लिहिता येत नाही, ही त्यांची भूमिका ठाम आहे. दादांची नोंदवही शेडमध्येच होती, तीही लगदा झाली.

माझा मुख्य प्रश्न असा, की माल अस्तित्वात होता आणि तो तयार अवस्थेत होता, हे आता कोणत्या कागदांनी दाखवता येईल, आणि दादांनी मागणी विक्रीच्या किमतीने करावी की अन्य कोणत्या हिशेबाने?

सरकारी मदतीबद्दलही विचारायचे आहे. कॅशडोल (रोजच्या खर्चासाठीची रोख मदत) आणि घरवखरीची (घरसामानाच्या नुकसानीची) रक्कम मिळाली. व्यापाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये जे साहाय्य जाहीर झाले, त्यात लारीला (हातगाडीला) ५,००० रुपये, ४० चौरस फुटांपर्यंतच्या केबिनला (टपरीला) २०,००० रुपये, त्याहून मोठ्या केबिनला ४०,००० रुपये आणि मासिक उलाढाल ५ लाखांपर्यंत असलेल्या पक्क्या दुकानाला, जीएसटीच्या विवरणपत्राच्या आधारे, ८५,००० रुपये अशी वर्गवारी आहे. दादांची शेड लारी नव्हे आणि दुकानही नव्हे. उलाढाल मर्यादेच्या आत असल्यामुळे त्यांनी जीएसटीची नोंदणी कधी केलेली नाही. त्यांनी कोणत्या रकान्यात अर्ज करावा? मुदत ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंतची.

घराचे म्हणाल तर मागची भिंत पडली आहे आणि पंचनाम्यात ‘अंशतः नुकसान’ असे लिहिले गेले आहे. घर अजून दिवंगत काकांच्या नावावर आहे, वारसाई झालेली नाही, म्हणून तलाठ्यांकडे पेढीनाम्यासाठी (वारसांच्या वंशावळीसाठी) अर्ज दिला आहे. ते काम मार्गी लागेल असे वाटते.

शेवटचा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि मनाचाही. ज्यांनी बयाणा दिला होता त्यांतील बहुतेकांनी पैसे परत मागितलेले नाहीत. दादा मात्र ते परत केल्याशिवाय पुढच्या हंगामाचे नाव काढायला तयार नाहीत, आणि हातात तर रोकड नाही. ही रक्कम आधी फेडावी की कारखाना आधी उभा करावा?

प्रतिसाद १

मी विमा दाव्यांच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. विक्रीच्या किमतीने मागणी करू नये. मालाच्या विम्यात नफा धरला जात नाही, उत्पादनखर्च धरला जातो. परंतु त्या खर्चात मातीबरोबर रंग, काथ्या, मजुरी आणि वीज हे सर्व येते. एका फुटाच्या, दीड फुटाच्या आणि दोन फुटांच्या मूर्तीला प्रत्येकी किती खर्च येतो याचा तक्ता करावा आणि त्याला संख्येने गुणावे. फुगवलेली मागणी पाहिली की सर्व्हेअर खऱ्या आकड्यांवरही अविश्वास दाखवतात, हा माझा अनुभव आहे.

संख्येचा पुरावा दादांच्या नोंदवहीत नव्हे, तर गिऱ्हाइकांच्या घरी आहे. बयाण्याची पावती त्यांच्याकडे असेल, आणि मूर्ती पसंत करताना जवळजवळ प्रत्येक जण मोबाइलवर फोटो काढतो. त्या फोटोंवर तारीख असते, मागे फळ्यांवरच्या इतर मूर्तीही दिसतात, आणि त्या रंगवलेल्या आहेत हेही दिसते. शाडूची बिले आणि ट्रकची बिल्टी (मालवाहतुकीची पावती) पुरवठादाराकडून पुन्हा मिळतील. यूपीआयने आलेला बयाणा बँकेच्या उताऱ्यात सापडेल. बँकेला दिलेले मालाचे विवरण आणि बँकेच्या अधिकाऱ्याने केलेल्या पाहणीची नोंद असेल तर तिची प्रत लेखी अर्ज देऊन मागावी. हे सर्व सर्व्हेअरना आणि कंपनीला एकाच पत्रासोबत द्यावे आणि पोच घ्यावी.

कंपनीने कमी रक्कम देऊ केली आणि ‘पूर्ण व अंतिम’ अशा शब्दांचे व्हाउचर पुढे केले, तर घाईने सही करू नये. लेखी तक्रारीचे समाधान महिन्याभरात झाले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. गुजरातसाठीचे कार्यालय अहमदाबादला आहे, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

प्रतिसाद २

आमचाही दांडिया बाजाराच्या बाजूला मूर्तींचा व्यवसाय आहे. आम्ही उंचावर असल्यामुळे वाचलो. शेडमधला गाळ तसाच वापरू नका. नदीच्या गाळात बारीक रेती असते आणि ती शाडूत मिसळली की मूर्ती वाळताना तडकते. रंग लागलेला वरचा थर काढून टाकावा, खालची माती टाकीत भिजवून कापडाने गाळावी आणि आधी एक लहान पाट थापून सावलीत वाळवून पाहावा. रबराचे साचे धुऊन चालतील, प्लास्टरचे साचे मात्र बहुधा गेले असे धरून चला.

पीएम विश्वकर्मा योजनेत मूर्तिकाराचा व्यवसाय येतो. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज मिळते. परंतु गेल्या पाच वर्षांत घेतलेले मुद्रा कर्ज फिटलेले नसेल तर ते घेणारा पात्र ठरत नाही, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. वहिनी स्वतः मूर्ती घडवत असतील आणि कर्ज केवळ दादांच्या नावावर असेल, तर त्यांच्या नावाने चौकशी करावी. पुढच्या गणपतीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. आषाढ अमावास्येला दशामा या देवीचे व्रत सुरू होते, त्या मूर्तींना इथे मोठी मागणी असते आणि तो पैसा गणपतीच्या आधी हाती येतो.

बयाण्याबद्दल माझे मत दादांपेक्षा वेगळे आहे. गिऱ्हाईक स्वतःहून थांबायला तयार असेल तर त्याला थांबू द्यावे. रक्कम पुढच्या वर्षीच्या मूर्तीत वळती केल्याची नवी पावती द्यावी. जो मागेल त्याला मात्र हप्त्याने का होईना, पण परत करावी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फोटोंची कल्पना आम्हा कोणालाच सुचली नव्हती. वहिनींच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांचे क्रमांक आहेत, त्यांना निरोप पाठवायला सुरुवात केली आणि पहिल्याच संध्याकाळी फोटो येऊ लागले. एका फोटोत मागच्या दोन्ही फळ्या मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत. नवी पावती देण्याचा मार्ग दादांना पटला आहे. निरोपासोबत तेही विचारत आहोत.

विश्वकर्मा योजनेसाठी वहिनींची चौकशी या आठवड्यात करतो. व्यापारी साहाय्याच्या रकान्याचा प्रश्न अजून उरला आहे. भाड्याच्या शेडमध्ये, जीएसटीशिवाय काम करणाऱ्या कोणी कोठीच्या सरकारी कचेरीत किंवा मामलतदार (तहसीलदार) कचेरीत असा अर्ज दिला असेल, तर तो ‘४० चौरस फुटांहून मोठी केबिन’ म्हणून स्वीकारला गेला का आणि सोबत भाडेकरार मागितला का, एवढे कृपया इथे लिहावे. दादांचा करार तोंडी आहे, आणि शेडचे मालक लिहून द्यायला तयार आहेत.