‘अकाटा विच’ मराठीत सांगताना: चेटकीण, डाकीण की जादूगारीण?

आमच्या वाचनगटात आठवी-नववीच्या मुली आहेत. त्यांना नेडी ओकोराफोर यांची ‘अकाटा विच’ ही २०११ सालची कादंबरी मराठीतून सांगायला घेतली आहे. गोष्ट नायजेरियातल्या आबा शहरातली. सनी बारा वर्षांची, न्यूयॉर्कला जन्मलेली, इग्बो आईबापांची मुलगी. तिच्या कातडीत आणि केसांत रंगद्रव्यच नाही, त्यामुळे फुटबॉलचं वेड असूनही उन्हात खेळता येत नाही. तिला चीची भेटते. चीचीला जादू येते, शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही आणि जीभ अशी की समोरच्याला बोलायची सोय नाही. या दोघींचं भांडत-तंडत जमत जातं, ते मुलींना फार आवडलंय.

अडलंय ते सुरुवातीलाच. वर्गातली एक मुलगी रागानं सनीला ‘अकाटा विच’ म्हणते. अकाटा हा नायजेरियन लोक अमेरिकेतल्या काळ्या माणसांना हिणवताना वापरतात तो शब्द. तो तसाच ठेवते, बोलण्याच्या सुरावरून कळतो. पण ‘विच’चं काय करू? ‘जादूगारीण’ म्हटलं तर शिवी राहत नाही. ‘हडळ’ म्हटलं तर भलतंच. ‘चेटकीण’ म्हटलं की मुलींना मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आठवते आणि हशा पिकतो. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद

हडळ पहिली बाद करा. हडळ आणि जखीण ही भुतं. जखीण तर मुळात यक्षिणी, आपण तिला पार पिंपळावर नेऊन बसवलं. विच ही हाडामांसाची, तुमच्या-आमच्यासारखी जेवणारी-झोपणारी बाई.

‘डाकीण’ जिवंत बाईलाच म्हणतात, तेव्हा अर्थानं जवळचा शब्द तोच. तरीही तो नको. तांत्रिक बौद्ध परंपरेत डाकिनी पूजनीय आहे, पण आपल्याकडे सातपुड्यातल्या पाड्यांवर एखादीला डाकीण ठरवलं की तिला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, जीवही जातो. एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा, काळ्या जादूचा ठपका ठेवून तिला छळणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आलंय ते उगाच नाही. मुलींच्या तोंडी हा शब्द खेळीमेळीनं रुळू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद

चेटकीणच ठेवा. सविस्तर सांगतो.

मराठीत ‘-ईण’ लागलं की पुष्कळदा बाईची ओळख नवऱ्यावरून होते. पाटलाची पाटलीण, वाण्याची वाणीण, मास्तरांची मास्तरीण. ‘जादूगारीण’ त्याच रांगेतली वाटते: रंगमंचावर जादूगार कबुतरं काढतोय आणि शेजारी ती रुमाल धरून उभी. चेटकीण कुणाची बायको म्हणून चेटकीण झालेली नाही. चेटूक तिचं स्वतःचं. सनीला तर जादू आजीकडून आलेली, म्हणजे बाईकडून बाईकडे. इतका नेमका बसणारा शब्द दुसरा नाही.

मूळही पाहण्यासारखं आहे. संस्कृत नाटकांत ‘चेट’ म्हणजे नोकर आणि ‘चेटी’ म्हणजे दासी. ‘मृच्छकटिका’त चेट भेटतातच. हिंदीत ‘चेटक’चे दास आणि जादू असे दोन्ही अर्थ कोशांत दिलेले आहेत. जादूगाराच्या हुकमात राहणारी शक्ती ती चेटूक, असा धागा मला त्यातून दिसतो. आणि ज्या विद्येच्या नावात चाकरी आहे, ती हाती असलेली बाई मात्र कुणाची चाकर नाही!

राहता राहिला हशा. तो दोन पानांत ओसरेल. ‘ए पांढरीफटक अकाटा चेटकीण!’ हे वर्गात, सगळ्यांसमोर, ओरडून म्हणून बघा. कुणी हसणार नाही. शिवाय शिवी म्हणून अंगावर आलेला शब्दच पुढे त्या मुलीचं खरं रूप निघतो, हा कादंबरीचा गाभा. शिवीला एक आणि ओळखीला दुसरा असे दोन शब्द केलेत तर तो गाभाच हरवेल.

प्रतिसाद

सहमत. एकच जोड: सनीच्या रंगाला ‘कोड’ म्हणू नका. कोडात रंग नंतर जातो, डाग पडतात. हिचा जन्मापासूनच नाही. ‘वर्णहीनता’ पुस्तकी आहे, पण चूक नाही.

धागाकर्ती

पटलं, चेटकीण. मात्र कादंबरीत जादू येणारे लोक स्वतःला ‘लेपर्ड पीपल’ म्हणवतात आणि न येणाऱ्यांना ‘लॅम्ब्ज’. त्याचं ‘बिबळे’ आणि ‘मेंढरं’ केलंय. बरोबर वाटतं का? आणि ‘जुजू’ला, म्हणजे त्यांच्या जादूला, करणी चालेल?

प्रतिसाद

‘बिबळे’ सुंदर. यात बिबळ्या हवेतून आलेला नाही. आग्नेय नायजेरियात क्रॉस नदीच्या भागात एक्पे नावाची जुनी गुप्त संघटना आहे. एफिक भाषेत एक्पे म्हणजे बिबळ्याच. तिच्याशी जोडलेली न्सिबिदी ही चिन्हलिपी सनी कादंबरीत वाचायला शिकते, ती लिपीही खरीखुरी आहे. म्हणून इथे ‘वाघ’ करू नका. आपल्या खेड्यांत बिबट्यालाही सर्रास वाघ म्हणतात, तरी नको.

‘मेंढरं’वर मात्र अडखळलो. मेंढरं म्हणजे एकामागून एक जाणारी, डोकं न चालवणारी. मूळ शब्द कोकरांचा आहे, त्यात भाबडेपणा आहे. ‘कोकरं’ म्हटलं तर मराठीत माया डोकावते, आणि सनीचे आईबाप त्यांच्यातलेच. तिला त्यांचा तिटकारा नाही, त्यांच्यापासून सगळं लपवावं लागतं याचा त्रास आहे. चीची चिडली की ‘मेंढरं’ म्हणेल, सनी ‘कोकरं’ म्हणेल. दोघींचा स्वभावही त्यातून कळेल.

‘करणी’ नको. करणी कायम कुणावर तरी होते आणि वाईटच होते. ती काढायला मांत्रिक लागतो. भानामतीचंही तेच. चीची सुरीनं हवेत आकृती काढते ती विद्या मुळात बरीही नाही, वाईटही नाही. ‘जुजू’च ठेवा. ‘जुजू सुरी’ कानालाही छान लागते.

प्रतिसाद

आणि नवं काही शिकलं की वरून पडणारं ते ‘चित्तिम’, या बिबळ्यांचा पैसा? त्याला नाणी म्हणू नका, ते सळ्यांसारखं वाकडं असतं. त्यात तांब्याचं सगळ्यांत मोलाचं, सोन्याचं नव्हे, हे मुलींना आवर्जून सांगा.

धागाकर्ती

सांगितलं, आणि लगेच दोघींनी विचारलं की पाढे पाठ केले तर पडेल का! उद्यापासून चेटकीण, बिबळे, कोकरं आणि जुजू. चीचीच्या तोंडी मेंढरं. दोघी एकमेकींना ‘अगं’ म्हणतील, ‘सखे’ नाही. त्याबद्दल कुणाची हरकत असेल तर आजच सांगा, उद्या दुपारी पुढचं प्रकरण आहे.