साध्या दुखण्याच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळाव्यात का?

माणदेशी:
सरळ मुद्दा मांडतो. ताप, डोकेदुखी, जुलाब, खरचटणं, नायटा असल्या रोजच्या दुखण्यांची ठरावीक औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कायद्यानं उघडपणे मिळायला हवीत, आणि नुसती मेडिकलमध्ये नाही तर गावातल्या किराणा दुकानात पण. आमच्याकडं वाड्यावस्त्या लांब, एसटी दिवसातनं एकदोनदा, कणकण आली म्हणून तालुक्याला जायचं तर बरोबर एक माणूस लागतो, दोघांची रोजी बुडते, वर तपासणी फी आणि भरीला एक इंजेक्शन, आणि शेवटी हातात काय तर पॅरासिटामॉल. ती गोळी कोपऱ्यावर मिळाली तर कुणाचं काय बिघडतं?

आणि हे काही नवीन नाही. १९४५ च्या औषध नियमांत शेड्यूल के आहे, त्यात हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, अँटासिड, बाम, ग्राइप वॉटर, कापूसपट्टी विकायला दुकानदाराला लायसन लागत नाही. गाव हजाराच्या वर गेलं की तीच गोळी बेकायदा! मे २०२२ मध्ये केंद्रानं १६ औषधं चिठ्ठीशिवाय विकायचा मसुदा काढला होता, पॅरासिटामॉल ५००, जखमेला लावायचं पोविडोन आयोडिन, नायट्यावरचं क्लोट्रिमॅझोल वगैरे, पाच दिवसांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, बरं वाटलं नाही तर डॉक्टर गाठायचा अशी अट घालून. असली यादी पक्की करून राबवा एवढंच म्हणणं आहे.

ओपीडी_रोज:
माणदेशी, रोजी बुडते हे शंभर टक्के मान्य, माझ्यासमोर रोज तीच माणसं बसलेली असतात. पण ताप म्हणजे साधं दुखणं हे ठरवलं कुणी? पावसाळ्यात अंग ठणकतंय म्हणून लोक आयब्युप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक घेतात, आणि तो ताप डेंगूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंगूत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी द्यायचीच नाही, हे किराणावाल्याला कोण सांगणार? दुसरं म्हणजे पित्त. पन्नाशीचा माणूस छातीत जळजळतंय म्हणून अँटासिड घेऊन झोपतो आणि ते हार्टचं असतं. बायकांमध्ये आणि डायबेटिसवाल्यांमध्ये तर छातीत कळ न येताही अटॅक येतो. असे पेशंट उशिरा आलेले मी पाहिलेत, म्हणून एवढं तळमळीनं लिहितेय.

काउंटरमागून:
मी फार्मासिस्ट आहे. डॉक्टरताईंचं खरं आहे, पण चिठ्ठी कितीजण आणतात ते काउंटरवर उभं राहून बघा. शेड्यूल एच१ म्हणजे जास्त कडक नियमाच्या यादीतली अँटिबायोटिक विकली की रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं असा नियम मार्च २०१४ पासून आहे, तरी लोक "सेफिक्झिमच्या तीन गोळ्या द्या" म्हणत येतात आणि नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात. त्यामुळं चिठ्ठीशिवायची यादी झाली तर मला बरंच आहे, हे यादीत आहे देतो, हे नाही जा डॉक्टरकडं, असं तोंडावर सांगता येईल. पण किराणा दुकानाला माझा ठाम विरोध. तिथं पत्र्याखाली उन्हात माल पडून असतो आणि स्ट्रिप कापून दोन दोन गोळ्या देतात. एक्सपायरी स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली, ते टोक गेलं की हातात कसली गोळी आहे हेच कळत नाही.

थेम्सकाठ:
इकडं इंग्लंडमध्ये पॅरासिटामॉल सुपरमार्केटात ब्रेडच्या शेजारी मिळतं, पण १९९८ पासून साध्या दुकानात पाकिटात १६ आणि फार्मसीत ३२ गोळ्या एवढीच मर्यादा आहे, आणि त्यानंतर या गोळीच्या अतिडोसाचे मृत्यू कमी झाल्याचं इथल्या संशोधनात दिसलंय. म्हणजे विकूच नका आणि वाटेल तेवढं विका याच्या मधे पण रस्ता आहे.

कोयनाकाठ:
पण दुकानं हवीतच कशाला? आशाताईंच्या पिशवीत पॅरासिटामॉल आणि जुलाबात पाण्यात घालून द्यायची ओआरएसची पावडर असतेच की, तेही फुकट. शिवाय ती विचारपूस करते, दुकानदार फक्त पैसे मोजतो.

माणदेशी:
कोयनाकाठ, आशाताई हजार लोकसंख्येमागं एक, डोंगरातल्या वस्तीवर रात्री अकराला जुलाब लागले तर ती कशी पोचणार? ओआरएसचंच बघा. १९७१ मध्ये बांगलादेशातनं आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडं सलाइन संपत आलं तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पेशंटच्या नातेवाइकांच्या हातात दिलं, आणि कॉलऱ्यानं ३० टक्क्यांपर्यंत माणसं मरत होती ती ४ टक्क्यांच्या खाली आली. न शिकलेल्या आयाबायांनी ते पाजलं. आपल्या माणसांना नीट सांगितलं तर त्यांना कळतं यावर माझा विश्वास आहे.

डॉक्टरताई, डेंगूचा मुद्दा मी मनावर घेतलाय. म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या यादीत नकोतच. लहान मुलांची खोकल्याची सिरपंसुद्धा नकोत. पाकीट दहा गोळ्यांचं, सीलबंद, सुटी विक्री बंद, आणि मागं ठळक मराठीत किती घ्यायच्या ते छापलेलं, आज स्ट्रिपवरच्या बारीक इंग्रजी अक्षरांतलं माझ्या आईला काहीच कळत नाही.

ओपीडी_रोज:
मराठी छपाईला माझं एक बोट नाही दोन्ही हात वर. पण त्यात हेही यायला हवं की सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत आधीच पॅरासिटामॉल असतं, तापाची वेगळी आणि सर्दीची वेगळी अशी दोन्ही घेतली की डोस नकळत दुप्पट होतो. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, दारू पिणाऱ्याला आणि वजन कमी असलेल्याला त्याहून कमी, नाहीतर लिव्हर जातं. ओआरएस, पोविडोन, क्लोट्रिमॅझोल आणि साधं पॅरासिटामॉल किराण्यात ठेवायला माझी आता हरकत नाही. अँटासिडला आहे, आणि ती राहणार.

काउंटरमागून:
ओआरएस ठेवताना नाव बघून ठेवा म्हणावं. नुसती गोड पेयं त्या नावानं विकली जायची, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, ते नाव लावायला बंदी घातली. लिटरचं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात टाकायचं, तसलं अर्धं पाकीट एका ग्लासात टाकून पोराला पाजलं तर मीठ जास्त होतं आणि त्रास वाढतो. हे पण मराठीत छापा.

माणदेशी:
छापलंच पाहिजे. अँटासिडबद्दल डॉक्टरताई, चाळिशीच्या पुढच्यांनी छातीत जळजळ, घाम, डावा हात जड वाटला तर गोळी न घेता दवाखाना गाठा, असं पाकिटावर लिहून ते मेडिकलमध्येच ठेवलं, किराण्यात नाही, तर तुम्हाला चालेल का?

ओपीडी_रोज:
मेडिकलमध्ये, फार्मासिस्ट समोर असताना, चालेल. तो खरंच दुकानात हजर पाहिजे, भिंतीवर नुसतं सर्टिफिकेट टांगलेलं नको.