मदत हवी आहे: डिस्पर्संट फवारलं की तेल खरंच जातं का?

नमस्कार मंडळी,

आठवीच्या वर्गासाठी समुद्रातल्या तेलगळतीवर एक तासिका तयार करतोय. बूम (पाण्यावर तरंगणारा अडसर) टाकून तवंग कोंडायचा आणि स्किमरने वरचं तेल ओढून घ्यायचं, इथपर्यंत सरळ आहे. प्रवाह जोराचा असला की तेल बूमखालून निसटतं. जाळायचं तर थर निदान २-३ मिलिमीटर जाड हवा. हेही मुलांना पटेल.

गाडी अडते ती डिस्पर्संटपाशी, म्हणजे तेल फोडायला तवंगावर फवारतात त्या रसायनापाशी. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हरायझन या खोदकाम-मंचाची फुटलेली तेलविहीर ८७ दिवस वाहत होती. तेव्हा सुमारे ७० लाख लिटर डिस्पर्संट वापरलं, त्यातलं बरंचसं थेट दीड किलोमीटर खोलीवर, विहिरीच्या तोंडाशी. तवंग दिसेनासा झाला तरी तेल पाण्यातच राहिलं ना? मग याला सफाई म्हणायचं कसं? मुलं हे विचारणारच, आणि त्यांना अर्धवट काही सांगायला मन धजत नाही. जाणकारांनी कृपया समजावून सांगा.

प्रतिसाद १:
सर, शंका अगदी रास्त आहे. डिस्पर्संट तेल काढत नाही, फोडतं. थेंब इतके बारीक होतात की ते पाण्यात विखुरतात, आणि तेलावर जगणाऱ्या जिवाणूंना ते खायला सोपं जातं. पक्ष्यांची पिसं आणि खारफुटी वाचते, पण झळ माशांच्या अंड्यांना आणि पिल्लांना बसते. म्हणून उथळ पाण्यात, प्रवाळाजवळ शक्यतो फवारत नाहीत. उशीर झाला तरी उपयोग नाही: लाटांनी तेलात पाणी घुसळलं जाऊन घट्ट लगदा झाला की डिस्पर्संट आत शिरत नाही.

१९६७ मध्ये फुटलेल्या टॉरी कॅन्यन या तेलवाहू जहाजाचंही वर्गात जरूर सांगा. तेव्हा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर जे डिटर्जंट ओतले, त्यांनी खडकांवरच्या शंख-शिंपल्यांचा तेलापेक्षा जास्त संहार केला. आजची डिस्पर्संट तेवढी विषारी नाहीत, पण 'निरुपद्रवी' हा शब्द मी तरी वापरणार नाही.

प्रतिसाद २:
दोन काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत पाणी आणि चमचाभर खाद्यतेल, एकीत भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब. दोन्ही जोरात हलवून टेबलावर ठेवा. पहिलीत तेल थोड्याच वेळात वर येऊन जमतं, दुसरीतलं पाणी तासिका संपेपर्यंत गढूळ राहतं. मग मुलांनाच विचारा, तेल कुठे गेलं.