काचेची जुनी गोटी हाताने केलेली आहे हे ओळखायचं कसं?

कांदेपोहे_म्युनिक:
परवा इथल्या जुन्या बाजारात एका आजीबाईंकडून बारा युरोला गोटी घेतली, चांगली लिंबाएवढी, आत पांढऱ्या दोऱ्यांची जाळी आणि बाहेरून लाल-निळे पट्टे पीळ घेत गेलेत. त्या म्हणाल्या लाउशाची आहे, शंभर वर्षांवरची. बायको म्हणते सोड्याच्या बाटलीतली असेल 😀 खरंखोटं कसं कळणार?

भिंगवाला:
वहिनींना सांगा, सोड्याच्या बाटलीतली गोटी आतून कोरी असते, जाळीबिळी नसते. लाउशा म्हणजे जर्मनीतल्या थुरिंगिया राज्यातलं काचवाल्यांचं गाव, 1597 पासून तिथे भट्टी आहे. आता भिंग घ्या आणि गोटीची दोन टोकं शोधा, सगळे पट्टे जिथे येऊन मिळतात ती. तिथे खरखरीत डाग किंवा घासलेली चपटी जागा असेल तर हाताची. कसंय, रंगीत काचेच्या कांड्या जोडून वर साधी काच चढवायची, तापवून ओढायची, पीळ द्यायचा, की झाली जाड सळई, मग तिचं मऊ टोक कात्रीत फिरवायचं. कात्री कसली, चिमटाच, एकीकडे वाटी दुसरीकडे धार. गोल झाली की कापायची, ती कापल्याची खूण राहते. ही कात्रीही 1840 च्या दशकात लाउशातच निघाली.

कांदेपोहे_म्युनिक:
पाहिलं! एका टोकाला नख अडकतंय, दुसरं घासल्यासारखं आहे.

गल_आणि_गोटी:
थांबा, लगेच नाचू नका. टोकं आहेत म्हणजे मशीनची नाही एवढंच. अमेरिकेत मार्टिन ख्रिस्टेनसेनला 1905 मध्ये गोट्यांच्या मशीनचं पेटंट मिळालं आणि पहिल्या महायुद्धात जर्मन माल यायचा थांबला तसं तिकडच्या कारखान्यांचं फावलं. पण हाताने करणारे आजही आहेत, त्यांच्या गोट्यांनाही टोकं असतातच की. जुनी असेल तर खेळून आपटल्याच्या बारीक चंद्रकोरी दिसतील, काचेच्या आत उठलेल्या. आणि हात जोडून सांगतो, पॉलिश करू नका. मी एक करून घेतली, लखलखली, पण खुणा गेल्या, टोकं गेली आणि घेणाऱ्याने निम्मा भाव सांगितला.

कांदेपोहे_म्युनिक:
चंद्रकोरी आहेत, तेरा मोजल्या. बायको आता म्हणते मला दे, पेपरवेट करते 😑