मदत हवी आहे: वडिलांची खाज, नाशिकमध्ये फोटोथेरपी कुठे मिळेल?

वडील ७४ वर्षांचे, इंदिरानगरला राहतो. अंगभर कोरडे लालसर चट्टे, रात्री खाजवून रक्त काढतात. आधी खरूज समजून घरातल्या सगळ्यांनी मलम लावलं! आता बायोप्सीनंतर निदान अ‍ॅटोपिक डर्माटायटिस (एक प्रकारचा इसब). हा साठीनंतरही सुरू होतो म्हणे. थंडीत त्रास फारच वाढतो.

स्टिरॉइड मलम, मॉइश्चरायझर चालू आहे. जॅक इनहिबिटर गोळ्या (दाह कमी करणाऱ्या) वयाच्या ६५ च्या पुढे हृदयाच्या धोक्यामुळे जपून देतात, आणि बाबांची अँजिओप्लास्टी झालीय. राहिलं डुपिलुमॅब इंजेक्शन (तेही दाह कमी करणारं) किंवा नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांची फोटोथेरपी. आठवड्यातून दोन-तीनदा रिक्षाने नेता येईल असं यूव्हीबीचं मशीन जवळपास कुठे आहे? आणि तुमच्याकडे कुणा ज्येष्ठांना डुपिलुमॅब दिलंय का? त्याचा दुष्परिणाम म्हणून डोळे लाल झाले का, खर्च किती आला?

कडुनिंबाचा पाला कृपया सुचवू नका, आईचा करून झालाय.