‘फक्त कॅटेगरी १ होतं’: विल्मिंग्टनला घर घेताना फ्लोरेन्स किती मनावर घ्यावं?

नवीन_किनारी

नमस्कार मंडळी. सहा वर्षं शार्लटला काढली, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर विल्मिंग्टनला चाललोय. एक घर आवडलंय. नव्वदच्या आसपास बांधलेलं, मागे पाइनची उंच झाडं, त्यांच्यामागे छोटासा ओढा. एजंट म्हणतो, घर झोन एक्समध्ये, म्हणजे सरकारी नकाशावर पुराचा धोका कमी असलेल्या भागात आहे, बँक फ्लड इन्शुरन्स मागणार नाही, तेवढेच पैसे वाचले. मी २०१८ च्या फ्लोरेन्स हरिकेनबद्दल विचारलं तर गडी हसला. म्हणे, किनाऱ्याला लागेपर्यंत कॅटेगरी ४ चं १ झालं होतं, दमच संपला होता त्याचा.

नवऱ्याला पटलं. मला पटत नाहीये, पण का ते सांगता येत नाही. माझं लहानपण लातूरला गेलं, समुद्रातलं मला शष्प कळत नाही. त्या वेळी इथलं कुणी तिथे होतं का? घरातच राहिलात की निघालात? नंतर काय काय निस्तरावं लागलं? वाऱ्याचे आकडे कुठेही मिळतात, मला घरात काय झालं ते ऐकायचंय.

खारावारा

होतो. मंकी जंक्शनजवळ. (हो, नाव खरंच असं आहे. आम्हीही पहिल्यांदा हसलो होतो.) घर घेऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, मुलगी चौथीत.

आधी आम्ही का निघालो नाही ते सांगतो, कारण तुमच्या एजंटचं वाक्य तेव्हा मी स्वतःच म्हणत होतो. सोमवारी १० सप्टेंबरला ते कॅटेगरी ४ झालं. विद्यापीठातल्या पोरांना त्याच दिवशी बाहेर काढलं. राइट्सव्हिल बीच, कॅरोलिना बीच अशा पाण्यालगतच्या गावांना निघायची सक्ती झाली. आमच्या भागाला सक्ती नव्हती, पण मंगळवारी आम्ही गाडी भरून ठेवली. रॅलेला मित्राकडे जायचं होतं. मग आकडा उतरायला लागला. ३ झालं, २ झालं. समोरचं कुटुंब निघालेलं, ते अर्ध्या वाटेवरून परत आलं आणि गॅरेजमधून हात हलवला. आता बोला! त्यांना परतलेलं बघून आपण निघायचं म्हणजे अगदीच भित्रेपणा वाटतो.

त्यात गुरुवारी, १३ तारखेला, गणेश चतुर्थी. बायको म्हणाली, गणपती बसवायचा की नाही ते आत्ता सांग, मला नारळ खवायचाय. मी म्हटलं, बसवू. राहायचा निर्णय असा झाला. नकाशे, मॉडेलं वगैरे मी नंतर सांगायला लागलो. रात्री झोपायच्या आधी फोनवर आलं, कॅटेगरी १. मी निवांत झोपलो. लाइट पहाटे गेले.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला राइट्सव्हिल बीचजवळ ते जमिनीवर आलं, वारा ताशी ९० मैल. विमानतळावर १०५ मैलांचा झोत नोंदला गेला, विल्मिंग्टनमधला १९५८ नंतरचा सर्वांत मोठा. आम्ही तिघं जिन्याखालच्या कपाटात, आणि पाटासकट गणपतीही तिथेच, कारण हॉलच्या मोठ्या काचेसमोर त्याला एकटं ठेवायला मुलगी तयार नव्हती. पाइनचं झाड आंब्यासारखं मुळासकट कलंडतंच असं नाही, पुष्कळदा मधूनच मोडतं. शेंड्याकडचा एक मोठा तुकडा आमच्या छपरावर आला. आम्ही खाली होतो म्हणून वाचलो असं नाही, तो दुसऱ्या खोलीवर पडला म्हणून वाचलो. त्याच सकाळी शहरात एका घरावर झाड पडून आई आणि तिचं तान्हं बाळ गेलं.

दुपारनंतर वारा बराच उतरला. आमचा दीड दिवसाचा गणपती, विसर्जन बादलीत केलं. टब भरलेला होता, पण तो फ्लशसाठी, ‘त्या पाण्यात नाही’ असं ठणकावून सांगण्यात आलं. मग मी पुण्याला आईला फोन केला, झालं गं सगळं, आम्ही ठीक आहोत.

तो फोन मी दोन दिवस लवकर केला.

वादळ पुढे सरकतच नव्हतं. माणूस रमतगमत चालतो त्या वेगाने, ताशी दोन-तीन मैल, ते दक्षिण कॅरोलिनाकडे चाललं होतं आणि पावसाचे पट्टे समुद्रावरून उचलून आमच्यावर रिते करत होतं. शनिवारी छपराच्या भोकातून अॅटिकमध्ये साचलेलं पाणी मुलीच्या खोलीच्या छतातून आलं. ड्रायवॉल (इथल्या छता-भिंतींना लावलेला जिप्समचा तक्ता) आधी फुगतो, मग पिवळा पडतो, मग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा गादीवर येतो. तोपर्यंत मी खाली बादल्याच बदलत बसलो होतो. छताला स्क्रू ड्रायव्हरने एक भोक पाडून पाणी बादलीत उतरवायचं असतं, मग सगळं छत येत नाही. हे मला अमेरिकेत चौदा वर्षं काढल्यावर सोमवारी कळलं.

पण आमचं काहीच नाही. गल्लीच्या शेवटी एक निवृत्त जोडपं राहायचं. शुक्रवारच्या वाऱ्यात त्यांची कुंडीसुद्धा हलली नव्हती. रविवारी भर दिवसा, वारा जवळजवळ नसताना, त्यांच्या घरात पाणी शिरलं. आणि ते ओढ्याकडून आलं नाही. रस्त्याच्या कडेच्या जाळीतून, जिथून पाणी जायला हवं तिथून, उलटं वर आलं. ओढा तुडुंब, मग गटाराला जायला जागाच नाही. आम्ही चौघं-पाच जण त्यांचं सामान वर नेत होतो. काकू सारखं म्हणत होत्या, पण वादळ तर शुक्रवारी झालं ना. त्यांचंही घर झोन एक्समध्येच होतं. फ्लडची पॉलिसी नव्हती.

त्याच रविवारी शहर तुटलं. आय-४० हा महामार्ग पाण्याखाली, बाकीचे रस्तेही गेले, विल्मिंग्टनला यायला-जायला एकही वाट उरली नाही. अन्नपाणी हेलिकॉप्टरने आणि उंच चाकांच्या ट्रकने आलं. मध्येच बातमी आली की पाणीपुरवठ्याच्या जनरेटरचं डिझेल संपत आलंय. ते वेळेत मिळालं, पण आम्ही तोवर पातेली, कुकर, मोदकाचं पात्र, दिसेल ते भरून ठेवलं होतं. पाणी ओसरल्यावर आय-४० वर मेलेले मासे पडले होते, ते अग्निशमन दलाच्या लोकांनी पाण्याच्या फवाऱ्याने रस्त्यावरून हटवले. व्हिडिओ आहे त्याचा.

लाइट नऊ दिवस नव्हते. घराचं काम संपायला पुढचा उन्हाळा उजाडला, कारण सगळ्या गावाला एकाच वेळी छप्परवाला हवा होता. मार्चपर्यंत आमच्या डोक्यावर निळी ताडपत्री होती, आणि विमानातून उतरताना ती एकटी नाही हेही दिसायचं.

पैशाचं वेगळं लिहितो, जेवायला बोलावतायत.

तुतारी

फार घाबरवू नका हो त्यांना. मी पोर्टर्स नेकला होतो, तेच वादळ, तोच पाऊस. कुंपण पडलं आणि फ्रीजमधलं सगळं फेकावं लागलं, संपलं. किनाऱ्यावर राहायचं तर हे चालायचंच. शार्लटला १९८९ साली ह्यूगोने झोडपलं, ते काय समुद्रावर आहे?

गणिती

तुतारी, ह्यूगोचा मुद्दा मान्य. पण तुमचं घर उंचावर आहे म्हणून कॅटेगरी १ सौम्य ठरत नाही.

ताई, एजंटची चूक एवढीच की त्याने वाऱ्याचा आकडा वादळाचा आकडा समजून सांगितला. सॅफिर-सिम्पसन मोजपट्टी फक्त वाऱ्याचा वेग मोजते. कॅटेगरी १ म्हणजे ताशी ७४ ते ९५ मैल, एवढंच. त्यात पाऊस नाही, वादळाने किनाऱ्यावर चढणारी समुद्राची भरती नाही. पूर्वी तक्त्यात भरतीच्या उंचीचे आकडे असायचे, लोक फसतात म्हणून २०१० मध्ये ते काढले. फ्लोरेन्सचा मधला वारा उतरला तेव्हा त्याचा पसारा मात्र मोठाच राहिला, आणि उत्तरेला उच्च दाबाची भिंत असल्याने ते अडकून बसलं. एलिझाबेथटाउनला ३५.९३ इंच पाऊस झाला. उष्णकटिबंधीय वादळातल्या पावसाचा नॉर्थ कॅरोलिनातला आधीचा विक्रम १९९९ च्या फ्लॉइडचा होता, साउथपोर्टला २४.०६ इंच. राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या अहवालात थेट वादळाने २२ मृत्यू आहेत, त्यातले बहुतेक पावसाच्या पुरात. नुकसान सुमारे २४ अब्ज डॉलर.

सुगरण_पक्षी

मी न्यू बर्नला होते. आमच्याकडे तर ते जमिनीवर यायच्या आधीच पाणी आलं. गुरुवारी रात्रीच. ईशान्येचा वारा पॅम्लिको साउंड या खाडीचं पाणी तासन् तास न्यूस नदीत ढकलत होता, नदी उलटी वाहिल्यासारखी चढली, सुमारे दहा फूट. शेकडो लोकांना बोटींनी काढलं. आमच्या गावात जागोजागी अस्वलांचे रंगवलेले पुतळे आहेत, सकाळी त्यातला एक रस्त्याच्या मधोमध उभा. पाण्याने आणून ठेवलेला. फोटो बघून सगळे हसले, मीही हसले, आणि मग वळून आमच्या कार्पेटकडे बघितलं.

एक सांगते. आमच्याकडे लोक ‘मागच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं’ यावर राहायचं की जायचं ठरवत होते. पाणी ते लक्षात ठेवत नाही.

खारावारा

जेवण झालं. तुतारी, तुमचं कुंपण पडलं तेव्हा मी तुमच्याकडे बर्फ मागायला आलेला असू शकतो, त्यामुळे भांडत नाही.

आता पैसे. घराच्या साध्या पॉलिसीत पूर येत नाही. आणि वारा येतो तिथेही नाव दिलेल्या वादळाचं डिडक्टिबल (नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा पहिला भाग) वेगळं असतं, रकमेत नाही तर टक्क्यांत. आमचं २ टक्के होतं. मी सही करताना ते दोन हजारासारखं काहीतरी वाचलं असावं. घराचा विमा २ लाख ८० हजारांचा, म्हणजे पहिले ५,६०० डॉलर आमचे. शिवाय विमा कंपनीचा नुकसान तपासणारा अॅडजस्टर येतो तो पहिला प्रश्न विचारतो, पाणी वरून आलं की खालून? आमचं वरून आलं, वाऱ्याने केलेल्या भोकातून, म्हणून बाकीचे पैसे मिळाले. गल्लीच्या टोकाचं खालून आलं, म्हणून त्यांना शून्य. पाणी तेच, आकाशातलंच. त्यांना फेमाकडून (केंद्र सरकारची आपत्ती मदत संस्था) थोडी मदत मिळाली, ती ड्रायवॉल आणि गाद्यांतच संपली. पुढच्या वसंतात घर विकून ते मुलाकडे ओहायोला गेले.

सरकारी योजनेतली फ्लड पॉलिसी झोन एक्समध्येही घेता येते. इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख, सामानासाठी एक लाख. घर घेताना कर्जासोबत काढलीत तर गोष्ट वेगळी, एरवी ती लागू व्हायला ३० दिवस लागतात. म्हणजे नकाशावर वादळ दिसल्यावर धावून उपयोग नाही.

आणि त्या पाइनच्या झाडांचं: घरावर झुकलेली कुठली, पोकळ कुठली, हे सही करायच्या आधी झाडं जाणणाऱ्या माणसाला दाखवा. पाडायचा खर्च किमतीतून मागा.

गणिती

राज्याचं पुराच्या नकाशांचं संकेतस्थळ आहे, फ्रिस नावाचं. पत्ता टाकला की घराच्या जागी पाण्याची अपेक्षित पातळी दिसते. आणि २०२४ च्या जुलैपासून घर विकणाऱ्याच्या फॉर्मवर पुराचे प्रश्न आहेत, ते कोरे सोडलेत का ते पाहा.

नवीन_किनारी

सगळ्यांचे आभार. शनिवारी पुन्हा जाऊन आलो, या वेळी एजंटशिवाय. फॉर्मवर पुराच्या सगळ्या प्रश्नांना ‘माहीत नाही’ लिहिलंय. मालकांनी घर २०२१ मध्ये घेतलंय, त्यामुळे खोटं म्हणता येत नाही. मग शेजारच्या आजोबांशी बोललो. त्यांनी स्वतःच्या गॅरेजमध्ये नेऊन भिंतीवरची पेन्सिलची रेघ दाखवली. शेजारी तारीख: १६ सप्टेंबर. रविवारच ना तो?

रस्त्यावरच्या जाळीचं मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, ओढा नाही बाई, ती जाळीच.

खारावारा

रविवारच. रेघ किती उंच? आणि तुमच्या घराची फरशी त्यांच्या गॅरेजच्या फरशीपेक्षा किती वर?

नवीन_किनारी

रेघ माझ्या गुडघ्याच्या जरा खाली. घर दोन पायऱ्या वर आहे, पण एसीचं बाहेरचं युनिट जमिनीवरच. नवरा टेप घेऊन परत गेलाय मोजायला.

खारावारा

मग एलेव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घराच्या उंचीचा मोजून दिलेला दाखला, मागा. नसेल तर सर्व्हेअरकडून करून घ्या. टेपवर जाऊ नका, लॉन दिसतं तेवढं सपाट नसतं.