आई गावी एकटी आणि घराला ३८ पायऱ्या

डोंबिवलीची लेक
आई ७९ वर्षांची. घर वेळणेश्वरजवळ, डांबरी रस्त्यापासून खाली ३८ पायऱ्या, सगळ्या चिऱ्याच्या. ७५ नंतर एसटी फुकट झाली तेव्हा खूश होती, दर मंगळवारी गुहागरला जायची. आता एसटीपर्यंत चढून जाणंच मुश्कील. जुलैत शेवाळावरून घसरली. मनगट सुजलं, आणि मला कळलं तीन दिवसांनी, तेही शेजारच्या काकूंकडून. का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणे, "सांगितलं असतं तर तू बॅग भरायला लावली असतीस." लावलीच असती! मे महिन्यात इकडे आणली होती. अकराव्या दिवशी "पोफळींचं शिपणं कोण करतंय" म्हणून परत. तेव्हा 'मुंबईला आणा' सोडून काहीही सुचवा.

देवगडकर
ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासलंत तर आठ दिवस बरं, मग पुन्हा शेवाळ. पाथरवटाकडून पायऱ्यांना टाकी लावून घ्या, म्हणजे छिन्नीने टोचे मारून दगड खरबरीत करून घ्या, जात्याला करतात तसा. पाय धरतो. कठडा स्टीलचा घ्या, साधा लोखंडी खाऱ्या हवेत गंजून हाताला लागतो. आणि दोन्ही बाजूंना हवा. दुखरा हात उतरताना एका बाजूला येतो, चढताना दुसऱ्या.

मालवणी माणूस
म्हातारी माणसां घर सोडून खंय जातली? १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.

पडवीतला म्हातारा
वय ७६. पडलो तर मीही मुलांना सांगत नाही, त्यामुळे तुमच्या आईची बाजू घेतो. आमच्याकडे सोपी खूण आहे. रात्री पडवीतला दिवा लावायचा, सकाळी उठलं की बंद करायचा. सातनंतरही जळताना दिसला की समोरचा हाक मारत येतो. दोनदा आला, दोन्ही वेळा मी विसरलो होतो. चहा पिऊन गेला. आणि हो, न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची ठेवा, उभ्याने अंघोळ नको.

डोंबिवलीची लेक
हेल्पलाइनचा नंबर लिहून घेतला, पण पडलेल्याला उचलायला शेजारीच लागतो. पाथरवट दिवाळीनंतर येतो म्हणालाय, तोवर पायऱ्यांवर झावळ्या. खुर्चीवर आई कपडे ठेवते! दिव्याला आधी "बिल कोण भरणार?" म्हणाली. पण काकूंचा आज फोन आला: साडेसहालाच बंद केला, आणि कुंपणाशी येऊन विचारून गेली, "बघितलास ना?"